ओटो लिलिएंथाल: बॉयलर, चार मुलं आणि वीस किलोचे पंख

१० ऑगस्ट हा ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या पंखांनी, उडणारे जर्मन अभियंते ओटो लिलिएंथाल यांचा स्मृतिदिन. 'उडायला गेले आणि पडले' एवढ्यातच त्यांची ओळख बहुतेकदा संपते, आणि ते फार खटकतं. पडण्याआधी या माणसाने दोन हजारांहून जास्त उड्डाणं केली होती. प्रत्येक नवा पंख आधी कागदावर आकड्यांत मांडला होता. आणि हे सगळं कारखाना आणि घरसंसार सांभाळून.

जन्म २३ मे १८४८, आन्क्लाम, पोमेरानिया. वडील लवकर गेले. आठ भावंडांपैकी तिघंच जगली. ओटो, वर्षभराने धाकटा गुस्टाव्ह आणि बहीण मारी. बर्लिनमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून ओटो नोकरीला लागले. खाणीतल्या यंत्रांच्या कामासाठी ड्रेस्डेनजवळ जाणं-येणं होतं, तिथे खाणकामगाराच्या घरातली आग्नेस भेटली. दोघांनाही संगीताची ओढ. १८७८ मध्ये लग्न झालं, पुढे चार मुलं झाली. दोघा भावांनी मिळून मुलांसाठी वाळू, खडू आणि जवसाच्या तेलाचे खेळण्यातले ठोकळेही तयार केले होते. धंदा जमला नाही म्हणून कृती विकून टाकली, आणि विकत घेणाऱ्याने त्यावर बक्कळ पैसा केला.

घर चाललं ते बॉयलरवर. त्या काळच्या साध्या बॉयलरच्या पिंपात खूप गरम पाणी साठलेलं असे. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि इमारत उडते. लिलिएंथाल यांनी पिंप काढून टाकलं आणि पाणी वेटोळ्या नळीतून फिरवलं. एका वेळी आत पाणी थोडंच, त्यामुळे नळी फुटली तरी नुकसान बेताचं. छोट्या कारखान्यांना हेच हवं होतं. १८८३ मध्ये बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना निघाला आणि १८९० मध्ये त्यांनी नफ्यातला २५ टक्के वाटा कामगारांना द्यायला सुरुवात केली.

पंखांकडेही ते याच नजरेने बघत. हवा किती उचलते? अंदाज नको, वजन करू. उभ्या दांड्यावर आडवा हात, त्याच्या दोन टोकांना पंखाचे तुकडे, आणि दोरीला टांगलेलं वजन खाली उतरताना तो हात गोल फिरवायचा. पंख लावून आणि पंख काढून त्याच वेगासाठी किती वजन लागतं, यातला फरक म्हणजे हवेचा अडथळा. उचल तराजूसारख्या तरफेवर मोजायची. मग पंखाचा हवेशी असलेला कोन बदलून पुन्हा सगळं पहिल्यापासून. यात एक खोट आहे: हात फिरत राहिला की हवाही त्याच्याबरोबर फिरू लागते आणि पंख स्वतःच ढवळलेल्या हवेत शिरतो. म्हणून उघड्या माळावर, खऱ्या वाऱ्यातही मोजमापं घेतली. निष्कर्ष असा निघाला की थोडा बाक दिलेला पंख सपाट फळीपेक्षा कितीतरी जास्त उचलतो, आणि तेही लहान कोनात. उचल आणि अडथळा एकाच आलेखावर, कोनागणिक मांडायची त्यांची पद्धत आजही विमान अभियांत्रिकीत शिकवतात. १८८९ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं.

राइट बंधूंनी लिलिएंथाल यांच्या या मोजमापांच्या कोष्टकांवरून पहिले ग्लायडर बांधले. उचल कमी पडली तेव्हा त्यांना कोष्टकांवर शंका आली. १९०१ च्या अखेरीस स्वतःच्या वातबोगद्यात, म्हणजे हवेचा झोत सोडून पंख तपासायच्या बोगद्यात, तपासलं, तर कोष्टकं बऱ्यापैकी बरोबर निघाली. चूक मुख्यतः हवेच्या दाबाच्या जुन्या गुणांकात, म्हणजे उचल काढायच्या सूत्रातल्या ठरीव आकड्यात, होती. तो सर्रास ०.००५ धरत, खरा ०.००३३ च्या आसपास आहे.

१८९१ मध्ये डेर्वित्झला पहिली उडी, सुमारे २५ मीटर. १८९३ मध्ये र्‍हिनोच्या टेकड्यांवरून २५० मीटरपर्यंत. वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याच्यासमोर पळता यावं म्हणून १८९४ मध्ये लिश्टरफेल्डला, घरापासून जवळच, १५ मीटर उंचीची गोल टेकडी स्वखर्चाने उभी केली. त्याच वर्षीचं त्यांचं ठरीव ग्लायडर असं: फाकलेले पंख ६.७ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटर, वजन २० किलो, विलोच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सुती कापड, आणि वटवाघळासारखी घडी. किंमत ५०० मार्क. निदान नऊ गिऱ्हाइकं मिळाली, म्हणजे ठरावीक नमुन्याचं विमान बनवून विकणारा हा पहिलाच कारखाना.

उड्डाण असं: वाऱ्याकडे तोंड, पंखाचं नाक खाली, उतारावर काही पावलं धावायचं, मग नाक किंचित वर, पाय आपोआप सुटतात. उतरताना अंग मागे न्यायचं, नाक उचललं की वेग मरतो आणि पाय टेकतात.

खरी अडचण सुकाणूत होती. माणूस काखेपाशी आणि कोपरापाशी चौकटीत अडकलेला. हलतात ते फक्त कमरेखालचे पाय. डावा पंख वर गेला तर पाय डावीकडेच झोकायचे. घाबरलेला माणूस मात्र खाली जाणाऱ्या बाजूलाच पाय टाकतो आणि आणखी कलतो. आजच्या हँग ग्लायडरमध्ये वैमानिक पट्ट्याने लोंबकळतो, त्यामुळे सगळं शरीर सरकवता येतं. लिलिएंथाल यांच्याकडे ती मुभा नव्हती. पंखांची टोकं फडफडवून इंजिनाने पुढे जायचा त्यांचा आग्रहही, आमच्या मते, चुकीच्या वाटेचा होता.

९ ऑगस्ट १८९६, रविवार. श्टोल्नजवळचा गोलेनबर्ग, ऊन चढलेलं. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, म्हणजे थर्मल, कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांच्या नेहमीच्या परिचयाची. तशाच झोताने नाक वर गेलं, ग्लायडर जागीच थांबलं. पाय पुढे झोकून नाक खाली आणायला जेवढी उंची लागते तेवढी उरली नव्हती. सुमारे १५ मीटरवरून ते कोसळले आणि मानेचा मणका मोडला. मदतनीस पाउल बायलिश जवळच होता. रेल्वेने बर्लिनला नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय ४८.

जर्मन एरोस्पेस केंद्राने २०१६ मध्ये त्या ग्लायडरची हुबेहूब प्रत मोठ्या वातबोगद्यात तपासली. रचना स्थिर, म्हणजे थोडी ढळली तरी सावरणारी, होती.

आग्नेस आणि चार मुलांचे पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. राइट बंधूंनी नंतर त्यांना एक हजार डॉलर पाठवले.