नीट रिपीट करताय? क्लासच्या आधी व्हॅलिडिटीची फाइल उघडा

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल मनासारखा आला नाही की घरात पहिली चर्चा होते ती कोणत्या रिपीटर बॅचला पैसे भरायचे याची. आमच्याकडेही तीच झाली. लेकीचा पहिल्या वर्षीचा अर्ज पुढ्यात घेऊन बसले तेव्हा कळलं, प्रवेश दोन ठिकाणी अडला होता. एक जागा अभ्यासाची. दुसरी जात पडताळणी समितीच्या टेबलावरची, जिथून जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी मिळते, आणि तिथला राग माझा अजून उतरलेला नाही.

मार्कांचं आधी उरकते. परीक्षा घेणारी एनटीए ओएमआरची, म्हणजे गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन प्रत आणि उत्तरसूची साइटवर टाकते. लिंक कायम राहत नाही, म्हणून दोन्ही लगेच उतरवून ठेवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहा: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, किंवा उत्तर बरोबर काढून गोळा भलताच रंगवला. येत असलेला प्रश्न चुकला की चार मार्क जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाचाचा फटका. डोळे मिटून ठोकलेल्या उत्तराची सरासरी पाव मार्काने का होईना, फायद्यातच असते. त्यामुळे ‘उगाच अंदाजे सोडवले’ म्हणून मुलांना ओरडण्यात अर्थ नाही. गळती मधल्या, ‘येत होतं पण चुकलं’च्या ढिगात असते. 2025 पासून 180 प्रश्नांना 180 मिनिटंच मिळतात, पर्यायी प्रश्नही गेले. फिजिक्सच्या 45 प्रश्नांना किती मिनिटं उरतात हे पेपर लावून मोजलं तर तो ढीग कुठून येतो ते समजतं.

गेल्या वर्षीचे मार्क आणि यंदाचे मार्क शेजारी ठेवून ‘वाढले की घटले’ करत बसू नका. 2024 मध्ये सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे 686. तुलना करायची ती ऑल इंडिया रँकची. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या उघडा आणि आपल्या प्रवर्गात प्रत्येक सरकारी कॉलेजला शेवटची रँक कोणती लागली ते वहीत उतरवा. शेवटचा राउंड बघा, पहिला नको. 2020 च्या आधीच्या याद्या टाकून द्या, कारण 70:30 चा प्रादेशिक कोटा (70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना) त्या वर्षी रद्द झाला. 2024 मध्ये जालना, हिंगोली, वाशिम, भंडारा, गडचिरोली अशी नवी सरकारी कॉलेजं आली, त्यामुळे त्याआधीच्या याद्याही अपुऱ्याच.

ही वही भरल्यावर दिसलं की लेकीची रँक ओबीसीच्या यादीत बसत होती, ओपनच्या यादीत नाही. आणि व्हॅलिडिटी हातात नाही म्हणून तिला धरलं होतं ओपनमध्ये.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत हे बारावीपर्यंत सगळ्यांना कळतं. पडताळणी कशाची होते हे मात्र काउंटरवर कुणी नीट सांगत नाही. समितीला बघायचं असतं की तुमचे पूर्वज मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधी महाराष्ट्रात राहत होते आणि तेव्हाच्या नोंदीत तीच जात होती. ओबीसींसाठी ही तारीख 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950. म्हणून मुलीचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला बहुतेक घरांत पुरत नाही. आजोबा किंवा पणजोबांपर्यंत जावं लागतं. अर्जही राहत्या शहरात नाही, मूळ गावाच्या जिल्ह्यातल्या समितीकडे जातो.

आमची फाइल ऑनलाइन भरून, छापील प्रत जमा करून झाली आणि पोर्टलवर ‘त्रुटी’ आली. ती पुरी केली तर दुसरी त्रुटी. ती पुरी केली तर तिसरी. तिन्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या, कारण कागद तेच होते आणि वाचणारेही तेच. वर अध्यक्षांकडे आणखी एका जिल्ह्याचा कार्यभार, त्यामुळे सुनावणी लागायची ती ते इकडे असतील त्याच दिवशी.

त्रुटी कसल्या, ते सांगते, म्हणजे तुम्ही आधीच तयारी कराल. आजोबांचा दाखला दुय्यम प्रत होता, अलीकडे काढलेला. असा दाखला एकटा चालत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा लागतो. मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक असलेला. तो आणला तर नावापुढे आडनाव नाही. नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, जुन्या वह्यांत असतं तसं. आणि जातीच्या रकान्यात दोन छोट्या रेघा, ‘वरीलप्रमाणे’ या अर्थी. पानाच्या माथ्यावर पहिल्या मुलापुढे ‘शिंपी’ लिहिलेलं, खाली ओळीने रेघा. उताऱ्यात गुरुजींनी सरळ ‘शिंपी’ लिहून दिलं, आणि मूळ नोंदीत तसा शब्द नाही म्हणून समितीने तो परत केला. यावर उपाय एकच: उताऱ्याबरोबर त्या अख्ख्या पानाची साक्षांकित झेरॉक्स जोडायची, म्हणजे रेघा कुठून सुरू झाल्या ते दिसतं.

आडनावाचा प्रश्न सुटला तो तहसीलच्या अभिलेख कक्षात. पणजोबा वारल्यावर शेतावर मुलांची नावं चढली तो वारस फेरफार, म्हणजे गाव नमुना 6 मधली नोंद. त्यात बापलेकांची नावं आडनावासकट होती. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आपण लिहितो, पण त्यातल्या प्रत्येक पिढीच्या सांध्याला एक कागद हवा: अमुक हा तमुकचा मुलगा, हे दाखवणारा. सांधा सुटला की प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. पथकातला पोलीस अधिकारी शाळेत जाऊन मूळ वही बघतो, शाई आणि अक्षर आजूबाजूच्या नोंदींशी जुळतं का ते तपासतो, आणि मग अहवाल, नोटीस, सुनावणी असं सगळं लांबतं. शेत नसेल तर जन्म-मृत्यूची गाव नमुना 14 ची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधा. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून मूळ नकलेबरोबरच द्या.

सख्ख्या काकांची, आत्याची किंवा चुलत भावंडाची व्हॅलिडिटी असेल तर ती सर्वांत वर लावा, त्या नातेवाइकाच्या प्रतिज्ञापत्रासह. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या वैधतेला महत्त्व द्यायला हवं, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. मामाची किंवा मावशीची कामाची नाही. आणि दाखल्यांसाठीच्या या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस पाचशेचा स्टँप घ्या म्हणाला तर पुढे चला.

व्हॅलिडिटी एकदा मिळाली की आयुष्यभराची. नॉन-क्रिमिलेअरचं, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याचं, तसं नाही. प्रवेशाचं वर्ष 2025-26 असेल तर ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध हवं. एक वर्षाचं काढलेलं असेल तर रिपीटरचं गेल्या वर्षीचं संपलेलं असतं, आणि दाखला घरात आहे म्हणून कुणी तारीख बघत नाही. ऑल इंडिया कोट्याच्या 15 टक्के जागांसाठी, ते प्रवेश करणाऱ्या केंद्राच्या एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू आर्थिक वर्षाचं वेगळं लागतं. राज्याचं दाखवून चालत नाही. जात केंद्राच्या यादीतही आहे ना, तेही बघून घ्या.

राहिलेलं एक. पहिल्या वर्षी बीएएमएस किंवा बीडीएस घेऊन मग नीट देणाऱ्यांची मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकलेली असतात. प्रवेश रद्द करण्याची मुदत आणि त्यानंतर लागणारा दंड त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच जागा घ्या. घरी बसून तयारी केलेल्यांनी गॅपचं, म्हणजे मधलं वर्ष कशात गेलं याचं, प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. आणि कॅपमध्ये जागा मिळाल्यावर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म कुणी पुढे सरकवला तर सही करण्याआधी विचार करा: तो भरला की पुढच्या राउंडमध्ये वरच्या पसंतीचं कॉलेज मिळत नाही. आमच्या मागे रांगेतल्या मुलाने तो हजेरीचा कागद समजून सहीला घेतला होता.