जो थॉमसचे १०,३६३ स्नॅप

अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमनचा, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीतल्या आडदांड गड्याचा, नंबर रेफरीच्या माइकवर ऐकू आला की समजायचं, काहीतरी चुकलंय. होल्डिंग केलं, म्हणजे समोरच्याला धरून ठेवलं, तर संघ १० यार्ड मागे, स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो तो क्षण, आणि तो डावही) हलला तर ५. टचडाउन वगैरे गुण दुसऱ्यांच्या खात्यावर. म्हणून क्लीव्हलँड ब्राउन्सच्या जो थॉमसचा १०,३६३ हा आकडा मला ग्रेट वाटतो. २००७च्या पहिल्या सामन्यापासून सलग इतके स्नॅप तो खेळला. मध्ये एकदाही बाहेर बसला नाही.

तो लेफ्ट टॅकल, म्हणजे त्या फळीच्या डाव्या टोकाजवळचा गडी. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) पास टाकायला उभा राहिला की त्याची पाठ डावीकडे असते, आणि तिकडूनच बहुतेकदा समोरच्या संघाचा वेगवान गडी त्याला पाडायला धावून येतो. स्नॅप झाला की टॅकलने डावं पाऊल मागे टाकायचं आणि उजवं जमिनीलगत घसटत आणायचं. पायांतलं अंतर कायम, गुडघे वाकलेले, पाठ ताठ. घाईने फार बाहेर सरकलात तर समोरचा आतून घुसतो. कमी सरकलात तर कडेने वळसा घालतो. कंबरेतून वाकलात तर तोल पुढे जातो आणि तो नुसतं खेचून तुम्हाला तोंडावर पाडतो.

हातांचं गणित त्याहून नाजूक. लवकर पुढे केले तर समोरचा झटकून टाकतो, उशीर झाला तर सरळ छातीत घुसून मागे रेटतो. पंजे त्याच्या छातीवर, आतल्या बाजूला हवेत. खांद्याबाहेर जर्सी पकडलेली दिसली की रेफरीचा पिवळा रुमाल, म्हणजे फाउलची खूण, पडलाच.

कोपर सरळ ठेवून समोरच्याला हातभर लांब रोखायचं काम ट्रायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचं. २२ ऑक्टोबर २०१७ला टेनेसी टायटन्सविरुद्ध थॉमसचा डावा ट्रायसेप्सच फाटला. मालिका तिथे तुटली, आणि मार्च २०१८मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या या गड्याला २००७च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता. पहिले दहाही हंगाम प्रो बोल या ऑल-स्टार सामन्यासाठी निवड. प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, सामना मात्र एकही नाही. २००७मध्ये १० विजय मिळवूनही ब्राउन्स बाहेर राहिले, २०१७मध्ये तर सोळाच्या सोळा सामने हरले. तरी २०२३मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला.

खेळताना वजन १४० किलोंच्या आसपास. ते टिकवायला पोट भरल्यावरही खावं लागतं. निवृत्तीनंतर त्यातले वीसेक किलो त्याने उतरवले.