नसलेल्या नाण्याचा बाजार

तनीन उरिका हे आमचं बाजाराचं गाव. मोरोक्कोतल्या मराकेश शहराच्या दक्षिणेला ३५ किलोमीटरवर, अ‍ॅटलासचे डोंगर सुरू होतात तिथे. तनीन म्हणजे सोमवार, आणि बाजारही सोमवारीच. मंगळवारी तहन्नाउत, शनिवारी अस्नी. बुधवार-शनिवार पेठांतून वाढलेल्या माणसाला गावाच्या नावात वार असण्याचं काही विशेष वाटत नाही. फरक इतकाच, की पुण्यात बुधवार पेठेत सातही दिवस गर्दी असते आणि इथे मंगळवारी सकाळी मैदानावर कोबीची पानं तेवढी उरतात.

बाजाराच्या कडेला खेचरं-गाढवं बांधायची वेगळी जागा आहे. तंबूत न्हावी असतो, चहावाले असतात, पसंत केलेली कोंबडी तिथेच कापून देणारे असतात. भाजीवाला काही न बोलता आपल्याकडे प्लॅस्टिकचं घमेलं सरकवतो. एका भावाच्या सगळ्या भाज्या त्यात एकत्र टाकायच्या: गाजरं, सलगम, बटाटे, वर दोन कांदे. सगळं एकदम तोललं जातं. शुक्रवारच्या कुसकुससाठी (वाफवलेला रवा, वर भाज्यांचा रस्सा) सात भाज्या लागतात, त्यामुळे ही पद्धत फारच सोयीची. सात वेळा तोलून सात वेळा हिशेब करत बसणाऱ्या आपल्या मंडईने हे उचलायला हरकत नाही.

मग भाजीवाला म्हणतो, ‘मितीन ऊ रबईन.’ दोनशे चाळीस. तीन किलो भाजीचे!

घाबरायचं कारण नाही. हे दोनशे चाळीस रियाल आहेत, आणि रियाल नावाचं नाणं इथे कुणाच्याच खिशात नाही. सुलतान हसन पहिला याने १८८२ च्या सुमारास चांदीचा रियाल पाडला. पुढे फ्रेंच आले, फ्रँक आला, आणि लोकांनी पाच फ्रँकला रियाल म्हणायला सुरुवात केली. १९६० मध्ये शंभर फ्रँकचा एक दिरहम झाला. म्हणजे दिरहमचे वीस रियाल. नोटांवर दिरहम, दुकानातल्या पाटीवर दिरहम, पण बाजारात तोंडी व्यवहार अजून रियालात. दोनशे चाळीस म्हणजे बारा दिरहम.

मला हे गणित फार आवडतं. एक शून्य उडवायचं आणि उरलेल्याचं निम्मं करायचं. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं मुखोद्गत होतं. आम्हा मुलांना ते कंटाळवाणं वाटायचं. आज निमकी थेट अ‍ॅटलासच्या पायथ्याशी कामाला येते आहे. ऐंशी रियालचे टोमॅटो म्हणजे आठाचे निम्मे, चार दिरहम. साधी गोल रोटी कित्येक वर्षं एक दिरहम वीस सँतिमला (शंभर सँतिमचा एक दिरहम) मिळत आली आहे, तिला ‘चोवीस’ म्हणतात.

एवढ्यावर भागत नाही. मोठी रक्कम आली की हीच माणसं रियाल सोडून थेट जुन्या फ्रँकवर जातात. कुणी म्हणालं, ‘मी दोन मिलियनची जमीन घेतली’, तर ते वीस हजार दिरहम समजायचे. मेंढ्या मात्र रियालात. मेंढी एक लाखाची असेल तर पाच हजार दिरहम. भाजी रियालात, जमीन फ्रँकमध्ये, मोबाइलचं रिचार्ज दिरहममध्ये. आणि हे सगळं एकाच माणसाच्या एकाच वाक्यात येऊ शकतं.

तसं आपणही मेलेली नाणी टाकून दिलेली नाहीत. फुटकी कवडी, दमडी, छदाम, पै अजून बोलण्यात आहेत, पण ती सगळी दुसऱ्याला काही द्यायचं नाही हे सांगण्यापुरती. या लोकांनी मात्र आपल्या जुन्या नाण्याला रोज कामाला लावलंय.

परक्या माणसाची इथे एक सोय केली जाते. चेहरा पाहून भाजीवाला भाव दिरहममध्ये सांगतो, तोही फ्रेंचमध्ये. त्याआधी ‘हिंद? शाहरुख खान!’ होतंच; त्याने भाव काही उतरत नाही. उतरायचं कारणही नाही. मराकेशच्या गालिचेवाल्यांकडून शिकून आलेले पर्यटक इथे गाजरांसाठी घासाघीस करतात तेव्हा फार कसंतरी होतं. भाजीचा भाव सगळ्यांना सारखाच असतो. तर ही दिरहमची सोय चांगल्या मनाने केलेली, पण तिच्यामुळे आपण पाहुण्यांच्या रांगेत राहतो. परवा कोथिंबीर-पुदिनावाल्याने मान वर न करता ‘चाळीस’ म्हटलं, तेव्हा मी दोन दिरहम त्याच्या हातावर ठेवले आणि उगीचच ताठ मानेने पुढे गेले.

शेजारच्या बाईंना सगळे खालती म्हणतात, म्हणजे मावशी. राहतात मात्र आमच्या वरच्या अंगाला. त्यांचा थोरला मराकेशला शिकतो, तो रियाल म्हटलं की हसतो. ‘आई, बँकेत जाऊन रियाल माग बघू.’ खालतींचं उत्तर ठरलेलं: बँकेत मी कशाला जाऊ?

खालतींना मी एकदा आण्यांविषयी सांगितलं. रुपयाचे सोळा आणे, १९५७ मध्ये ते गेले आणि शंभर नवे पैसे आले. तरी माझी आजी शेवटपर्यंत पन्नास पैशांना आठ आणेच म्हणायची. खालतींना आजी एकदम पटली. शहाणी बाई, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, आमची रोटी तुमच्या आण्यांत किती होईल? दिरहम नऊ रुपयांना धरून मी हिशेब केला: पावणेअकरा रुपये, म्हणजे १७२ आणे.

खालतींनी चहाची किटली खाली ठेवली. ‘इथे चोवीस आणि तुमच्याकडे एकशे बहात्तर? बाई गं, मग तुम्ही लोक खाता काय?’