छोटा नमुना

ग्लासावर एक रेघ होती. तळापासून दोन बोटं वर, पांढरी, बारीक. दारातल्या मुलीने माझ्या मनगटाला कागदी पट्टा चिकटवला, ग्लास हातात दिला आणि बजावलं, "काकू, रेघेपर्यंतच ओततील हं. भांडू नका." मी कशाला भांडते? मला ती रेघ बघूनच बरं वाटलं होतं. सगळी नोकरी मी संख्याशास्त्र शिकवण्यात घालवली आणि नमुना केवढा घ्यायचा हे आधी न ठरवणाऱ्या पोरांचे गुण निर्दयपणे कापले. इथे कुणीतरी ते ठरवून थेट काचेवर छापून ठेवलं होतं.

क्राफ्ट बिअरच्या या मेळ्याला मला भाच्याने आणलं. "मावशी, तू आता रिकामी आहेस, तुला कुतूहल आहे आणि तू आईला सांगणार नाहीस," अशी तीन कारणं त्याने दिली. त्यातली पहिली दोन शोभेची.

मैदानभर तंबू, प्रत्येक तंबूत नळांची ओळ, आणि वर काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेली नावं. नावांबद्दल मी बोलत नाही. पूर्वी बिअरला मालकाचं नाहीतर गावाचं नाव असायचं; हल्ली नाव ठेवायला बहुधा माल तयार झाल्यावर, म्हणजे चाखून झाल्यावर बसतात. पण नावापुढे दोन आकडे होते आणि त्यांनी मला धरून ठेवलं. एक अल्कोहोलचा टक्का. दुसरा कडूपणाचा. एका लिटरमध्ये हॉप्समधून उतरलेली कडू आम्लं किती मिलिग्रॅम, साधारण तेवढा तो आकडा. हलक्या लागरला १० च्या आसपास, आयपीए म्हणतात त्या प्रकाराला ५०-६०, एखादीला त्याहून वर. भाचा म्हणत होता, "अगं, पिऊन तर बघ." मी फळे वाचत फिरत होते. मला असलं काहीही वाचायला आवडतं: रेल्वेची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी. ती मी औषध घेण्याआधी वाचते आणि मग कधीकधी औषध घेत नाही.

हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी झाडाची फुलं घ्यायची. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड असते, सगळा जीव त्या पुडीत. ती उकळली की कडू उतरतं. बाराव्या शतकातली जर्मन संन्यासिनी हिल्डेगार्ड हिने लिहून ठेवलंय की हॉप्समुळे माणसाचं मन उदास होतं, पण त्याच्या कडूपणामुळे पेय नासत नाही. पुढच्या लोकांनी दुसरी गोष्ट पकडली आणि पहिलीला पुढे कुणी वाली उरला नाही. बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला: बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स, बाकी काही नाही. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. खरं काम करणाऱ्याचं नाव कागदावर नसणं, याचं मला नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर नवल वाटायचं कारण नव्हतं.

पहिला घोट शेवटी एका स्टाउटचा घेतला. काळीभोर, वर साईच्या रंगाचा फेस. आणि स्टाउट म्हटलं की माझं मन डब्लिनला जातं. मी तिथे कधी गेलेले नाही, पण माझा सगळ्यात जुना सहकारी तिथला.

विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ साली तिथल्या गिनेसच्या बिअर कारखान्यात लागला. कारखान्याला हवं होतं ते साधंच: कुठलं सातू चांगलं, कुठल्या हॉप्समध्ये किती सत्त्व, हे आधी कळावं. पण प्रयोग करायला मिळणार मोजकेच. शेत वर्षातून एकदाच पिकतं. आणि तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर पोसलेलं. चार-पाच आकडे घेऊन गेलात तर ते तुमच्याकडे बघायचंही नाही. गॉसेट १९०६-०७ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाकडे जाऊन बसला आणि १९०८ साली त्याने आपलं उत्तर छापलं. छोट्या नमुन्यावरूनही बोलता येतं. फक्त नमुना जितका छोटा, तितकं जपून बोला. आणि किती जपून, त्याचं कोष्टक हे घ्या. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून लेखाखाली नाव घातलं 'स्टुडंट'.

मी दर वर्षी फळ्यावर 'स्टुडंट्स टी टेस्ट' लिहायचे आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "मॅडम, कुठला स्टुडंट?" मी सांगायचे, बिअरच्या कारखान्यातला. वर्ग खडबडून जागा व्हायचा. वर्षभरात तो तेवढा एकदाच.

तर अशा जपून बोलणाऱ्या माणसाच्या धंद्यातला हा मेळा, आणि इथे जपून कुणीच बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक दाढीवाला तरुण ग्लास उजेडात धरून उभा होता. दोन घोटांत त्याला भिजलेलं लाकूड, संत्र्याची साल आणि 'शेवटाकडे थोडं चामडं' लागलं. त्याच्या सोबतची मुलगी मान डोलावत होती. मी त्याच नळाची घेतली. मला बिअर लागली. मी पुन्हा घोट घेतला, चामड्याची वाट पाहिली, मग ग्लास संपला. मला या भाषेचा राग येतो असं नाही, पण ती बोलणाऱ्याला कुणी 'कशावरून?' असं विचारत नाही, याचा येतो. त्यात आणखी एक घोटाळा आहे, तो मात्र मला खरोखर अस्वस्थ करतो. कुठल्याही प्रयोगात मोजण्याचं यंत्र शेवटपर्यंत तेच राहायला हवं. इथे यंत्र म्हणजे जीभ आणि तिच्या मागचा मेंदू. आणि जे मोजायचं तेच यंत्रात ओतत जायचं. सातव्या तंबूपाशी निकाल देणारा माणूस पहिल्या तंबूपाशी होता तो नसतोच. तो जास्त उदार असतो. म्हणून रांगेत शेवटी असलेल्या तंबूवाल्यांचे चेहरे प्रसन्न होते असं मला वाटलं, पण हेही मी छोट्या नमुन्यावरूनच बोलतेय.

"तुझा विश्वास नाही ना? घे परीक्षा," भाचा म्हणाला.

हे त्याने म्हणायला नको होतं. चवीच्या परीक्षेची जुनी, साधी रीत आहे: तीन ग्लास, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कुठली ते सांगा. तंबूवाल्या मुलाला मी समजावलं. त्यालाही मजा वाटली. दोन फिकट लागर निवडल्या, दिसायला जुळ्या. भाच्याला पाठ करून उभं केलं. तो परीक्षार्थीच्या चेहऱ्याने वळला, तिन्ही ग्लास हुंगले, एकेक घोट घेतला, पुन्हा पहिला घेतला, आणि मधला उचलून म्हणाला, "हा." बरोबर होतं. त्याने हात वर केले. तंबूवाल्या मुलाने टाळी दिली.

"तीनांत एकदा माकडही बरोबर सांगतं," मी म्हटलं. "अजून निदान पाच वेळा कर, मग बोलू." टोकनं संपत आली होती म्हणून तो वाचला. पण तोंड पाडून म्हणाला, "मावशी, कधीतरी नुसतं शाबास म्हण की गं." म्हणायला हवं होतं बहुतेक. माझ्या विद्यार्थ्यांचीही हीच तक्रार असायची.

क्राफ्ट म्हणजे नेमकं काय, हे मी तिथे तिघांना विचारलं. तिघांनीही 'छोटं' हा शब्द वापरला. छोटा कारखाना, छोटी भांडी, छोटा घाणा. छोटं म्हणजे केवढं? अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनने याची व्याख्या करून ठेवली आहे: वर्षाला ६० लाख बॅरल किंवा त्याहून कमी. त्यांचा बॅरल सुमारे ११७ लिटरचा. म्हणजे ७० कोटी लिटरपर्यंत तुम्ही छोटेच. मी हा हिशेब भाच्याच्या फोनवर दोनदा करून पाहिला. त्याच अमेरिकेत १९८२ साली बोल्डर गावी त्यांचा मोठा बिअर महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा आठशेच्या आसपास माणसं आली होती. त्या महोत्सवात एका वेळी औंसभरच ओततात, जेमतेम ३० मिलिलिटर. माझ्या ग्लासाची रेघ त्यापेक्षा उदार होती.

आणि फेस. फेसाबद्दल माझं एक टोकाचं मत आहे: फेस असला तरच मला बिअर बघवते. म्युनिकच्या आर्न्ड लाइके यांनी तो कसा बसतो ते मोजलं होतं. घातांकी नियमाने बसतो, किरणोत्सर्गी पदार्थ घटतो त्याच नियमाने. त्यासाठी त्यांना २००२ सालचं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते. लोक हसले. मी वर्गात नेऊन दाखवलं असतं, पण प्राचार्यांना काय सांगायचं?

ग्लास विसळायला गेले तिथे बाजूच्या तंबूतले नळ आटले होते, म्हणून ते बाटल्या उघडत होते. एक बिल्ला, म्हणजे बाटलीचं पत्र्याचं झाकण, उडून गवतात पडला. मी वाकून उचलला, आणि अंगठा आपोआप कडेवरून फिरायला लागला. एकवीस दात. विल्यम पेंटर नावाच्या माणसाने या बिल्ल्याचं पेटंट १८९२ साली घेतलं, तेव्हा चोवीस होते. मधल्या काळात तीन पडले.

माझ्याकडे लहानपणी बिल्ल्यांचा डबा होता. पावडरीचा, पत्र्याचा, झाकण घट्ट बसणारा. सकाळी उठले की उशाशी कधी एक, कधी दोन बिल्ले असायचे. बाबा रात्री उशिरा यायचे, मी झोपलेली असायचे, पण बिल्ला आणायला ते विसरत नसत. काहींवर तारा असायचा, काहींवर सिंह, एकावर शिंगं रोखलेला बोकड. तो मी कुणालाही बदली दिला नाही, त्याच्याबद्दल चार देऊ केले तरी. बिल्ल्याच्या आत बुचाची पातळ चकती असायची; ती खिळ्याने अख्खी, न मोडता काढणं हे माझं खास कसब. मग बिल्ला दगडाने ठोकून सपाट करायचा, दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि दोन्ही हातांनी ताणून भिंगरी फिरवायची. ठोकताना बोट चेंगरलं की चोखायचं. बोटाला पत्र्याची चव यायची आणि पत्र्याखाली आणखी एक, आंबूस, कडसर. ती चव मला ओळखीची होती. तिला नाव नव्हतं. ती बाबांची चव होती.

आळीतल्या कुठल्याच मुलाकडे माझ्याइतके बिल्ले नव्हते. मला त्याचा गर्व होता. बिल्ले जितके, बाटल्याही तितक्याच, हे गणित मी कॉलेजात शिकवायला लागले तरी सुचलं नव्हतं.

भाच्याने माझ्या हातातला बिल्ला घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "तुझ्या डब्याची गोष्ट सांगितलीयस तू. आजोबा आणायचे ना?" मग जरा थांबून म्हणाला, "मावशी, कसे होते गं आजोबा? आई काहीच सांगत नाही."

बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होते. माझ्याकडे त्यांचं फार काही नाही. एक गुडघा, त्यावर बसून खाल्लेले हेलकावे. दाढी करताना आरशातून मला दाखवलेली जीभ. आणि उशाशी बिल्ले. यातली एकही आठवण वाईट नाही. सरासरी काढली तर माणूस फार चांगला निघतो. पण असल्या मोजक्या आकड्यांवर मी मुलांना कधी ठाम विधान करू दिलं नाही. डावीउजवीकडे इतकी जागा सोडायला लावायचे की त्यात कुठलाही माणूस मावला असता.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचा नमुना मोठा आहे. तिला बिल्ले आठवत नाहीत, मी विचारून पाहिलंय. तिला दाराची कडी आठवते. ती रात्री किती वाजता वाजायची, ती काढायला आईच्या आधी आपण का उठायचो, आणि कडी काढल्यावर आधी बाजूला का व्हायचं असतं. एवढंच तिने एकदा सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडे न बघता. पुढे मी विचारलं नाही. तिच्या घरात या विषयावर विनोदही होत नाही. लेकाने मित्राच्या लग्नात एक ग्लास घेतला, तेव्हा ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

"चांगले होते," मी भाच्याला म्हटलं. "मला तरी."

तो काही बोलला नाही. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. तिथे मी त्याला म्हटलं, "आईलाच विचार एकदा नीट." बस दिसायला लागली तेव्हा म्हटलं, "नको विचारूस."