तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला समुद्र नाही, मग कशाला?

कॉलेज रोडला भेटा, कोर्टाच्या आवारात भेटा, कुणाच्या लग्नात भेटा, प्रश्न ठरलेला. अहो गोदावरी आधी नीट करा, समुद्रातल्या अणुकचऱ्याच्या कायद्याचं काय घेऊन बसलात? आणि त्याला लागूनच दुसरा, म्हणजे तुम्ही अणुऊर्जेच्या विरोधात का?

नाही. किती वेळा सांगू, नाही.

मला खुपतं ते वेगळंच आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये रशियानं जपानजवळच्या समुद्रात जहाजातून किरणोत्सारी पाणी ओतलं, जपाननं जोरदार निषेध केला आणि पुढच्याच महिन्यात लंडन करारातल्या (समुद्रात कचरा टाकण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) देशांनी कमी किरणोत्सारी कचरा टाकण्यावरही बंदी घातली (जास्त किरणोत्सारी कचऱ्यावर १९७२च्या मूळ करारातच होती). चांगलं झालं. पण त्याच जपाननं ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुवीज केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी (त्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, उरतोच) किनाऱ्यावरून एक किलोमीटरच्या बोगद्यातून सोडायला घेतलं, आणि म्हणणं काय, तर करार जहाजांना लागू आहे, जमिनीवरून येणाऱ्या पाइपला नाही. जमिनीवरच्या घाणीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम २०७ आहे, ते म्हणतं ज्यानं त्यानं आपल्या देशात कायदे करा. म्हणजे गोदावरीत नाला सोडताना जे होतं तेच, सोडणारा आणि ठरवणारा एकच. म्हणून मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत.

आता मामांचं सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यांना अर्धवट माहीत आहे. मामा रिटायर होईपर्यंत अणुवीज केंद्रात होते. त्या वर्षी भाऊबीजेला आले, मी कुठेतरी फुकुशिमावर बोलले होते त्याचा व्हिडिओ कुणीतरी त्यांना पाठवलेला. आई ताट घेऊन उभी आणि मामा मला विचारतायत, "ट्रिटियमची मर्यादा किती ठेवलीय वाचलंस का? लिटरला १५०० बेकरेल. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात १०,००० चालतं म्हणते." (बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक.) मी म्हटलं, मामा, आकड्यांवर माझं भांडणच नाही, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं परिणाम नगण्य आहे म्हटलंय ते मी वाचलंय, मला पटतंही, पण तिथल्या मच्छीमारांना २०१५ मध्ये लेखी दिलं होतं की तुम्हाला विश्वासात घेतल्याशिवाय सोडणार नाही, आणि त्यांचा विरोध असतानाच सोडलं, त्याचं काय? मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही आयुष्यभर लोकांना फसवत होतो असंच ना?" मी तसं म्हटलं नव्हतं. तसं मला वाटतही नाही, त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. पण ते ओवाळून झाल्यावर न जेवता निघाले, आईनं डबा भरला तो पण नेला नाही, आणि तेव्हापासून भाऊबीजेला आईच त्यांच्याकडे जाते. आई मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण मी माघार घेतलेली नाही. एलएलएम करताना आयर्लंडच्या केसवर मी फार चिडले होते. ब्रिटनच्या सेलाफिल्डमधल्या अणुइंधनाच्या प्रकल्पामुळे आयरिश समुद्रात किरणोत्सार येईल म्हणून आयर्लंड हॅम्बर्गच्या सागरी न्यायाधिकरणात गेला, डिसेंबर २००१ मध्ये उत्तर मिळालं की प्रकल्प थांबवत नाही, पण दोघांनी माहिती द्या-घ्या, एकमेकांशी सल्लामसलत करा. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, नुसतं बोलून काय होणार? आता मला वाटतं, ज्याच्या दारात पाणी जाणार त्याच्याशी बोलणं सक्तीचं होणं ही मोठी गोष्ट आहे, पाइपसाठीही ती सक्ती हवी. पण ती वहीतली मुलगी काही ऐकत नाही. ती म्हणते, फुकुशिमातही बैठका झाल्या, समजावून झालं, आणि पाणी सोडलंच ना? ती बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण तिला गप्प करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि ते पाणी सोडणं अजून काही दशकं चालणार आहे.