पॅड घ्यायला गेलो आणि निघाल्या पिना

माझी बोलेरो पिकअप आहे, भाड्यानं चालते. एरवी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला टाकायचे आणि कांद्याचा सीझन आला की तुळजापूर, धाराशिव बाजूच्या शेतकऱ्यांचा माल रात्रीत सोलापूरच्या मार्केट यार्डात आणायचा. किती भरतो ते विचारू नका, पासिंगपेक्षा जास्तच भरतो, सगळेच भरतात, आणि त्याचे पैसे नंतर ब्रेकमध्ये जातात हे मला या वेळी नीट कळलं.

तुळजापूरचा घाट म्हणजे काय खंडाळा नाही, पण भरल्या गाडीला उतार तो उतारच. त्या रात्री उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं, पायाखाली पॅडल पण धडधड धडधड, आणि खाली येऊन चहाला थांबलो तर क्लच जळाल्यासारखा वास. डाव्या चाकाजवळ हात नेला तर झळ लागली, उजवं आपलं कोमट. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, दोन चाकांत एवढा फरक का म्हणून. पण मी काय केलं, ब्रेकचे पॅड संपले म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. तिथं चार प्रकार समोर टाकले, कंपनीचे ओरिजिनल, एक-दोन नावाजलेल्या ब्रँडचे, आणि एक बिननावाचा डबा निम्म्या किमतीत, "मालक, सगळे हेच नेतात" म्हणत. वर सिरॅमिक घ्या म्हणाले, आवाज नाही, रिमवर काळी धूळ नाही. आता माझ्या रिमवर कांद्याची माती असते, मला काळ्या धुळीचं काय कौतुक! सिरॅमिक शांत असतात हे खरं, पण माझ्यासारखं वजन आणि उतार असेल तर सेमी मेटॅलिक बरे, त्यात लोखंडाचा चुरा-तार असते म्हणून उष्णता सोसतात, थोडे आवाज करतात आणि डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी जी थाळी पॅड चिमटतात ती, जरा जास्त खातात, ते मला चालतंय.

एक गोष्ट तिथंच शिकलो ती सांगतो. बऱ्याच पॅडवर, कडेला किंवा मागच्या पत्र्यावर, नंबरांच्या रांगेत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ, ईएफ अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड, दुसरं गरम झाल्यावरची. ही पकड घर्षणाच्या आकड्यात मोजतात, ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. म्हणजे दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं निघालं तर तो पॅड घाटात ढिला पडणार. अक्षरावरून पॅड किती टिकेल ते कळत नाही, फक्त पकड कळते, पण त्या बिननावाच्या डब्यातल्या पॅडवर अक्षरंच नव्हती, तो तिथंच परत केला. डिस्क पण दाखवल्या, भोकं पाडलेल्या, स्टाइलच्या. दिसायला झकास, पण वजनाच्या गाडीला सारखी गरम होऊन त्या भोकापासून चिरा जाऊ शकतात, आपल्याला साधी डिस्क पाहिजे, मधून हवा जायला गाळे असलेली, जी कंपनीतून आलीय तशीच. ओरिजिनल पॅड घेतले, डिस्क नंतर बघू म्हणालो आणि चाचाकडे गेलो.

चाचा म्हणजे आमचे मिस्त्री, वडलांच्या मेटाडोरपासूनचे. चाक खोललं, पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर वर केला, जुने पॅड काढले, मी ते उचलून भंगाराच्या डब्यात टाकायला निघालो तर ओरडले, "टाकालास कुठं बे, आधी वाच की त्याला!"

वाच म्हणजे बघ. डाव्या चाकाचा आतला पॅड पार पत्र्याला टेकलेला आणि त्याच चाकाचा बाहेरचा पॅड अजून निम्मा शिल्लक. उजव्या चाकाचे दोन्ही सारखे झिजलेले. चाचा म्हणाले हा कॅलिपर तरंगता असतो, पिस्टन एका बाजूनंच दाबतो, मग कॅलिपर स्वतः पिनांवर सरकून दुसरा पॅड ओढतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकतच नाही, आतला पॅड एकटा मरतो, ब्रेक सोडला तरी घासत राहतो, म्हणून तुझं डावं चाक तापलं. पिना काढल्या तर एकीचं रबर फाटलेलं, आत गंज आणि मातीचा चिखल. म्हणजे मी नुसते नवे पॅड टाकून गेलो असतो तर दोन-तीन महिन्यांत परत तोच आतला पॅड पत्र्याला. आणि दोष कुणाला दिला असता, पॅडच्या कंपनीला.

मग डिस्क. मला वाटलं लेथवर टर्निंग मारू, म्हणजे वरचा थर कापून सपाट करू, स्वस्तात काम. चाचांनी वायर ब्रशनं डिस्कचा गंज घासला, आत बारीक अक्षरात कमीत कमी जाडी कोरलेली निघाली. आता जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर आकडा जास्त दाखवतो, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसतात. चाचांची युक्ती, दोन नाणी घ्यायची, आधी नाण्यांची जाडी मोजायची, मग डिस्कच्या दोन्ही बाजूला घासलेल्या जागी एकेक नाणं धरून मोजायचं आणि नाणी वजा करायची. डावी डिस्क लिहिलेल्या आकड्याच्या खाली अर्धा मिलिमीटर गेलेली. टर्निंग मारलं असतं तर अजून बारीक, अजून लवकर तापणार. लेथ बाद. डिस्क आणि पॅड बदलायचे ते जोडीनंच, एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी ठेवली तर ब्रेक मारताना गाडी ओढते, म्हणून उजवी बरी असून पण दोन्ही घेतल्या. खिशाला लागलं, लपवत नाही.

मी विचारलं डिस्क वाकली कशी, चाचा म्हणाले वाकली असं सगळे म्हणतात, बहुतेक वेळा ती कुठं जाड कुठं पातळ झालेली असते, तेच पायाला धडधड लागतं. आणि मग मला झापले, कारण मी दरवेळी तुळजापूरला पोचलो की देवीला जायच्या आधी गाडी धुतो, चाकं तापलेली असताना थंड पाण्याचा पाइप मारतो. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तापलेल्या डिस्कवर असं पाणी म्हणजे चिरा आणि वाकण्याला आमंत्रण. आई भवानी गाडी धुळीची असली तरी चालवून घेते हो, मलाच हौस.

माझ्या गाडीत डिस्क हबला बोल्टनं असते, म्हणून हब काढावं लागलं, त्या निमित्तानं बेअरिंगला नवं ग्रीस आणि ऑइल सील नवं. डिस्क बसते ती जागा पॉलिश पेपरनं घासून घेतली, तिथं गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क डगमगते. बसवल्यावर खात्री हवी म्हणून एमआयडीसीत लूमचे, म्हणजे कापडाच्या मागाचे, पार्ट टर्न करणारा ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडून डगमग मोजायचा डायल आणला, डिस्कला लावून चाक फिरवून बघितलं, काटा मिलिमीटरच्या पाच शतांशाच्या आत. लूमच्या कामाचा डायल गाडीला लावला म्हणून तो हसत होता, पण सोलापुरात डायल लूमवाल्याकडंच मिळणार की.

नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसायचाच, नाहीतर नवे पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. ब्रेक ऑइल पण काळं झालेलं, ते हवेतली ओल पितं, म्हणून डॉट ४ कोरडं असेल तर २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओल धरली की १५५ वर येऊ शकतं, घाटात पॅडल मऊ पडतं ते बऱ्याचदा यानंच. सगळं काढून नवं भरलं, एअर काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मंगळवेढा रोडला रिकामी गाडी घेऊन गेलो, ५० च्या स्पीडवरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, असं दहा वेळा, मध्ये गाडी तशीच पळवून थंड होऊ द्यायची. पॅडचा थर डिस्कवर एकसारखा बसतो त्यानं. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक लाकडासारखा लागला, नंतर चावला.

परवा कांदा भरून घाट उतरलो. स्टेअरिंग गप्प. खाली थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेला, दोन्हीची झळ सारखी. फक्त हँडब्रेक चार-पाच दात जास्त वर येतोय, म्हणजे मागच्या ड्रममध्ये घासणारे लायनर काम करेनात आणि सगळा भार पुढच्यांवर. रविवारी मागचे ड्रम उघडायचेत, चाचांनी सांगून ठेवलंय, येताना दोन नाणी घेऊन ये, मागची माझी परत दिली नाहीस.