दोन बोटे ब्रेकच्या लिव्हरवर

नऊ वर्षे मोटारसायकल चालवूनही मी एकदाही पूर्ण ताकदीने आणि नीट ब्रेक दाबून गाडी थांबवलेली नव्हती, हे मला या प्रवासाची आखणी करताना उमगले. दादाने सहज विचारले होते, "साठच्या वेगात असताना समोर अचानक काही आले, तर तुझी गाडी किती अंतरात थांबते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवसांत साडेपाचशे किलोमीटर, त्यात सपाटीवरचा मोठा रस्ता, एक लांबलचक घाट, वरच्या पठारावरची खडी आणि परतताना पावसाची शक्यता, असा आमचा बेत होता. दोघांच्या दोन गाड्या असणार होत्या. निघण्यापूर्वीचे आठ रविवार सरावाला द्यायचे, तरच जायचे, अशी अट दादाने घातली आणि मी ती मान्य केली.

अट घालण्यामागचे कारण त्याने मला नंतर वाचायला दिले. हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास झाला होता आणि त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दोन वाहनांच्या टकरीत सुमारे दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाचा चालक मोटारसायकलच्या वाटेत घुसलेला होता, हे त्यातले निरीक्षण बहुतेकांना ठाऊक असते. मला अधिक बोचले ते पुढचे. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराच्या हाती साधारणपणे दोन सेकंदही नसतात, आणि तेवढ्या वेळात बहुतेक स्वार मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवतात, तर पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नाहीत. दोन सेकंदांत कोणी विचार करून ठरवत नाही; हाताला जे वळण लागलेले असते, तेच हात करतो.

म्हणून एका रिकाम्या डांबरी आवारात आम्ही हाताला वळण लावायला बसलो. सुरुवात ताशी ३० किलोमीटरपासून केली. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी हलका दाब द्यायचा, गाडीचे नाक खाली बसले आणि भार पुढच्या चाकावर आला की मग दाब वाढवत न्यायचा, कारण भार आल्यावरच त्या चाकाची पकड वाढते. माझ्या जुन्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे चाक अडकल्याचे जाणवताच लिव्हर क्षणभर सोडून पुन्हा दाबण्याचाही सराव करावा लागला. दादाच्या गाडीला ते असल्याने त्याला शेवटपर्यंत दाबून धरण्याची सवय करायची होती, आणि ती वाटते तितकी सोपी नसते. प्रत्येक वेळी मी थांबल्याची जागा आम्ही खडूने आखत होतो. चौथ्या रविवारपर्यंत त्या रेघा एकमेकींजवळ येऊ लागल्या, आणि मला माझ्या गाडीविषयी प्रथमच काही खात्रीने सांगता येऊ लागले.

त्या खडूच्या रेघांनी वेगाचा हिशेबही शिकवला. कोरडा, चांगला रस्ता आणि सरावलेला हात धरला, तर ६० च्या वेगात प्रतिक्रियेच्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे २० मीटर. तेच ८० च्या वेगात २२ अधिक ३५ मीटर होतात. म्हणजे ६० वाला स्वार जिथे पूर्ण थांबलेला असतो, त्या जागेवरून ८० वाला स्वार अजून ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असतो. हे गणित कागदावर मांडल्यावर मी बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

निघण्याच्या दिवशी पहाटे टायर थंड असतानाच हवा तपासली, सामानाच्या वजनामुळे उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे मागच्या टायरमध्ये थोडी जास्त भरली, चेनची ढिलाई आणि दिवे पाहिले, आणि जड सामान आसनाच्या मध्याजवळ, खाली बांधले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावला. उपलब्ध संशोधनाच्या एकत्रित पाहणीत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी झालेला आढळला आहे, पण पट्टा सैल असेल तर पडताना हेल्मेट डोक्यावर राहीलच असे नाही.

पहिले शंभर किलोमीटर सरळ होते. पुढच्या वाहनाने एखादा खांब ओलांडला की मनात दोन सेकंद मोजायचे आणि त्याआधी आपण तिथे पोहोचलो तर मागे पडायचे, एवढे एकच काम मी करत होते. मोठ्या वाहनाच्या मागे राहताना त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसतो का, हे पाहायचे. चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नसतो.

प्रसंग घडला तो अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या जागी. डावीकडून एक छोटा रस्ता येऊन मिळत होता आणि त्याच्या तोंडाशी एक चारचाकी उभी होती. चालक माझ्याकडे पाहत होता. पूर्वीच्या मला तेवढे पुरेसे वाटले असते. आता मात्र मी ७० वरून ५५ वर आले, उजव्या हाताची दोन बोटे लिव्हरवर ठेवली आणि त्याच्या चेहऱ्याऐवजी पुढच्या चाकाकडे पाहू लागले, कारण गाडी हलण्याची पहिली खूण चाकाच्या फिरण्यातून मिळते. चाक फिरले. तो सरळ माझ्यासमोर आला आणि रस्ता अडवून तिथेच थबकला. त्यानंतरचे मला जेमतेम आठवते: नाक खाली बसले, दाब वाढला, नजर वर राहिली, आणि मी उभी राहिले तेव्हा आमच्यात आठ-दहा पावलांचे अंतर होते. गाडी गिअरमध्येच होती आणि माझे डोळे आपोआप आरशाकडे गेले होते, कारण अचानक थांबलेल्याला दुसरा धोका मागून असतो. मागे दादा होता, पुरेशा अंतरावर.

पुढे सावलीत थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते. दादा एवढेच म्हणाला, "त्याने तुला पाहिले होते, पण त्याला तू दिसली नाहीस." मोटारसायकलचा समोरून दिसणारा आकार इतका अरुंद असतो की ती किती दूर आहे आणि किती वेगाने येते आहे, याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. त्यामुळे चालकाची नजर आपल्यावर पडली, याला वचन समजू नये, असे मला त्या दिवसापासून मनापासून वाटते.

दुपारी घाट लागला. वेगात असलेली दुचाकी वळते कशी, हे आपल्यापैकी बहुतेकांना करता येते, पण सांगता येत नाही. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना हाच प्रश्न विचारून पाहिला होता आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा त्यांना एकही भेटला नाही. डावीकडे झुकायचे असेल, तर हँडलची डावी बाजू पुढे ढकलावी लागते, म्हणजे चाक क्षणभर उलट दिशेला वळवावे लागते, मग गाडी डावीकडे झुकते आणि वळते. शरीर हे नकळत करत असते. प्रश्न येतो तो घाबरल्यावर, कारण तेव्हा शरीर ते करणे थांबवते.

तिसऱ्या वळणावर माझे तसेच झाले. वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना कमी करायचा, बाहेरच्या अंगाने पण आपल्याच मार्गिकेत शिरायचे आणि वळणाचे दुसरे टोक दिसू लागेपर्यंत आत कापायचे नाही, हे मला तोंडपाठ होते. तरी मी वेगातच आत गेले. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ४० च्या वेगात गाडी सुमारे २३ अंश झुकावी लागते, तर ५० च्या वेगात तब्बल ३३ अंश, म्हणजे दहाचा फरक वाटतो तेवढा लहान नसतो. माझी नजर कठड्यावर खिळली आणि गाडी कठड्याकडेच सरकू लागली. ब्रेक दाबावासा वाटत होता, पण झुकलेल्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर ती उभी होऊन बाहेर जाते किंवा पकड सुटून आडवी होते, कारण टायरची पकड वळणे आणि थांबणे या दोघांत वाटली जाते. मी मान वळवून रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे पाहिले आणि आतली बाजू ढकलली. गाडी वळली. पुढची सगळी वळणे मी एक गिअर खाली घेऊन, सावकाश काढली.

पठारावरची खडी त्या मानाने सोपी गेली. फूटरेस्टवर किंचित उभे राहायचे, हँडल सैल धरायचे, पुढच्या ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही आणि गाडी थोडी डोलली तर तिला डोलू द्यायचे.

दुसऱ्या दिवशी परतताना पाऊस आला. आम्ही पहिली वीस मिनिटे आडोशाला थांबलो, कारण पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन पाण्यात मिसळते आणि सर्वांत निसरडा रस्ता तोच असतो. नंतर दोन सेकंदांचे अंतर चार केले, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे टाळली, रेल्वेचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडले. ब्रेक तेच, फक्त दाब अधिक हळू वाढवायचा.

शेवटच्या चाळीस किलोमीटरवर माझा इंडिकेटर बऱ्याच वेळेपासून विनाकारण लुकलुकत होता आणि ते मला कळले नव्हते. दादाने शेजारी येऊन खूण केली. एवढ्यासाठी थांबायचे का, असे मला वाटले, पण तो थांबला आणि मीही थांबले. थकवा आधी अशाच लहान गोष्टींतून दिसतो. अर्धा तास विश्रांती घेतल्यावर राहिलेले अंतर उजेड असतानाच पार पडले.

घरी पोहोचल्यावर चेन गरम असतानाच पुसून तेल लावले आणि वहीत लिहिले: "तिसरे वळण. वेग जास्त, नजर कठड्यावर." येत्या रविवारी त्याच आवारात खडूने पंधरा मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखणार आहोत, आणि मी वीसच्या वेगाने सुरुवात करणार आहे.